बत्तीस वाट्या आणि एक स्टॉपवॉच : माझं ठिबक किती समान पाणी देतं ते मी मोजलं तेव्हा

आधीच सांगतो, मी इंजिनिअर वगैरे नाही, पण ठिबक वापरून बरीच वर्षं झाली. आणि इतकी वर्षं माझी पक्की समजूत होती की ठिबक म्हणजे प्रत्येक झाडाला सारखं पाणी, त्यासाठीच तर ते बसवतात. ड्रिपरवर, म्हणजे नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोटीवर, ४ एलपीएच लिहिलंय म्हणजे तासाला ४ लिटर पडणार, विषय संपला. तो विषय संपलेला नाही हे कळायला प्लॉटच्या वरच्या टोकाची झाडं खुरटावी लागली.

सुरुवातीला मी खताला दोष दिला. मग मातीला. मग रोग असेल म्हणून फवारण्या केल्या. एकदाही असं डोक्यात आलं नाही की पाणीच कमी पडत असेल, कारण संध्याकाळी फेरी मारली की प्रत्येक ड्रिपरखाली ओला गोल दिसायचा. आता कळतं की ओला गोल हा सगळ्यात मोठा फसवा पुरावा आहे. तासाला दीड लिटर पडलं तरी गोल दिसतो आणि चार लिटर पडलं तरी दिसतो, वरून बघून त्यातला फरक कळत नाही, खुरप्याने उकरलं तर कळतो आणि उकरतो कोण?

पुढची चूक तर क्लासिक. वरची झाडं सुकतात म्हणून मी मोटारीची वेळ २ तासांवरून ३ तासांवर नेली. वरची झाडं जरा सुधारली पण व्हॉल्व्हजवळची, म्हणजे प्लॉटमध्ये पाणी शिरतं तिथली झाडं पिवळी पडायला लागली, तिथे वाफसाच येईना, आणि ठिबकमधून सोडलेलं खत तिथे मुळांच्या खाली निघून जात असणार हे उघड होतं. म्हणजे एका टोकाला उपास आणि दुसऱ्या टोकाला अजीर्ण, तेही एकाच मोटारीवर.

शेवटी पुतण्या म्हणाला, "काका, अंदाज बास झाले, एकदा मोजून तरी बघा की." त्याला हसलो खरा पण दुसऱ्या दिवशी घरातल्या वाट्या गोळा केल्या.

मोजायची पद्धत जुनीच आहे, मेरियम आणि केलर या दोघांनी १९७८ साली मांडलेली, आणि शेतात करायला सोपी. एका व्हॉल्व्हवरच्या सगळ्या नळ्यांमधून चार निवडायच्या : पहिली, एक तृतीयांशावरची, दोन तृतीयांशावरची आणि शेवटची. प्रत्येक नळीवर परत तशाच चार जागा, सुरुवात, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, शेवट. झाल्या १६ जागा. प्रत्येक जागी शेजारशेजारचे दोन ड्रिपर मोजायचे म्हणजे एकूण ३२. हे "शेजारचे दोन" का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं, नुसतं नियम म्हणून केलं, पण खरी गंमत त्यातच निघाली, पुढे सांगतो.

माझ्या प्लॉटमध्ये ४० नळ्या, १६ मिमीच्या, ५० मीटर लांब, ६० सेंटीमीटरवर एक ड्रिपर. म्हणून १, १४, २७ आणि ४० नंबरच्या नळ्या धरल्या. ड्रिपरखाली थोडी माती उकरून वाटी बसवायची, ३ मिनिटं पाणी धरायचं आणि मोजपात्रात ओतून मिली लिहायचे. ४ एलपीएचचा ड्रिपर ३ मिनिटांत बरोबर २०० मिली देतो, म्हणजे हिशोबाला सोपं.

पहिला प्रयत्न पूर्ण वाया गेला. मोटार चालू केली आणि लगेच मोजायला बसलो, नळ्या अजून भरतच होत्या, शेवटच्या नळीतून नुसती हवा फुसफुसत होती आणि मी तिथे वाटी धरून ५५ मिली लिहून मोकळा. शिवाय काही ड्रिपर नळीच्या कुशीत तिरके बसलेले, त्यांचं पाणी थेट न पडता नळीवरून ओघळत हातभर पुढे जाऊन पडत होतं आणि वाटी कोरडी. याला उपाय असा की ड्रिपरजवळ नळीला सुती दोऱ्याची गाठ मारायची आणि दोऱ्याचं टोक वाटीत सोडायचं, पाणी दोऱ्यावरून बरोबर खाली उतरतं. दुसऱ्या दिवशी मोटार चालू करून अर्धा तास काहीच केलं नाही, फिल्टरजवळच्या गेजचा काटा स्थिर झाला, मग सुरुवात. पुतण्या मोबाईलवर वेळ बघून "धरा" आणि "काढा" ओरडायचा, मी वाकून वाकून वाट्या सरकवायचो. ३२ मोजायला दोन तास गेले आणि कंबर दोन दिवस धरून होती.

आकडे बघितल्यावर काही वेळ दोघंही गप्प. सगळ्यात जास्त ३०० मिली आणि सगळ्यात कमी ४० मिली! एकाच व्हॉल्व्हवर, एकाच कंपनीचे ड्रिपर.

आता हिशोब. सगळ्यांची सरासरी आली १६४ मिली. नुसती सरासरी बघितली असती तर म्हणलो असतो २०० च्या जागी १६४, थोडं कमी आहे, वेळ वाढवू. तेच तर मी करून बसलो होतो! सरासरीच्या आत काय दडलंय ते बघायला आकडे उतरत्या क्रमाने लावायचे आणि तळातले एक चतुर्थांश, म्हणजे ३२ पैकी सगळ्यात कमी ८, त्यांची वेगळी सरासरी काढायची. माझी आली १०२.५. ती एकूण सरासरीने भागायची आणि शंभरने गुणायचं : १०२.५ भागिले १६४ म्हणजे ६२.५ टक्के. ही माझ्या ठिबकची समानता. ९० च्या वर उत्तम, ८० ते ९० चांगली, ७० ते ८० चालवून घ्यायची, आणि ७० च्या खाली वाईट. मी नापास होतो.

(ख्रिस्तियनसेन नावाच्या माणसाने १९४२ मध्ये तुषार सिंचनासाठी एक वेगळं सूत्र दिलंय, त्यात प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते धरतात. तेही मी काढून बघितलं, पण त्यात जास्त पडणारं आणि कमी पडणारं दोन्ही एकाच मापाने मोजलं जातं आणि मला तर उपाशी राहणाऱ्या झाडांशी मतलब होता. म्हणून तळातल्या पावभागाचा आकडाच धरून चाललो.)

या ६२.५ चा अर्थ असा की सगळ्यात कमी पाणी मिळणाऱ्या झाडांना पुरेसं पाणी द्यायचं तर मोटार १.६ पट वेळ चालवायला लागणार, २ तासांऐवजी ३ तास १२ मिनिटं. आणि तोवर ३०० मिलीवाल्या ड्रिपरखालचं झाड पोहायला लागणार. बरं, ठिबकमधून सोडलेलं खत पाण्याबरोबरच जातं, म्हणजे पाणी जितकं असमान तितकंच खतही असमान, ही गोष्ट मला पाण्याहून जास्त बोचली.

मग कारण शोधायचं. माझा आणि आजूबाजूच्या सगळ्यांचा एकच निकाल होता, ड्रिपर चोक झालेत, अ‍ॅसिड सोड. मीही अ‍ॅसिड आणायला निघालोच होतो पण कागदावर ते जोडीजोडीने लिहिलेले आकडे बघत बसलो होतो आणि तिथे ट्यूब पेटली. शेजारशेजारच्या दोन ड्रिपरमध्ये ६० सेंटीमीटरचं अंतर, त्यांना मिळणारं प्रेशर जवळपास सारखंच असणार. मग त्यातला एक १६० देतो आणि दुसरा ७५ देतो तर ती भानगड ड्रिपरचीच, चोकअप किंवा बिघाड. पण जिथे जोडीतले दोघेही १५८ आणि १६२ देतात, म्हणजे दोघं आपापसात सारखे पण पहिल्या नळीच्या २१० पेक्षा दोघेही कमी, तिथे ड्रिपर बिचारे निर्दोष आहेत, त्यांना प्रेशरच मिळत नाही. असा फरक लक्षात घेऊन यादी परत वाचली तर माझ्याकडे दोन्ही रोग होते आणि अ‍ॅसिडने त्यातला एकच बरा होणार होता.

प्रेशर गेज घेऊन चारही नळ्यांच्या तोंडाशी मोजलं. पहिल्या नळीला १.१ किलो (दर चौरस सेंटीमीटरला), चौदाव्याला ०.९, सत्ताविसाव्याला ०.७५, चाळिसाव्याला ०.६५. नळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला मात्र फरक जेमतेम ०.१. म्हणजे नळ्यांची लांबी ठीक होती, घोळ सबमेनमध्ये, म्हणजे सगळ्या नळ्यांना पाणी वाटणाऱ्या पाईपमध्ये होता. साध्या ड्रिपरचं गणित असं आहे की पाणी हे प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं, त्यामुळे प्रेशर १.१ वरून ०.६५ म्हणजे ४१ टक्के पडलं तरी पाणी २३ टक्केच घटतं. दिलासा म्हणावा तर आहे, पण २३ टक्के म्हणजे प्रत्येक चौथं पाणी चुकवल्यासारखंच झालं की.

आणि हे प्रेशर पडायला जबाबदार मीच. मूळ प्लॉट २४ नळ्यांचा होता, ५० मिमीची सबमेन त्या हिशोबानेच टाकलेली. नंतर वरच्या बाजूला १६ नळ्या वाढवल्या तेव्हा मी सबमेनची एंड कॅप, म्हणजे टोकाचं झाकण काढलं आणि घरात पडलेला ४० मिमीचा पाईप पुढे जोडून दिला. केवढं वाचवलं असं वाटलं होतं तेव्हा! आता २४ च्या जागी ४० नळ्यांचं पाणी त्याच पाईपच्या तोंडातून जायला लागलं, पाणी झालं दीडपटीपेक्षा जास्त आणि घर्षण गेलं अडीच पटीवर, कारण घर्षण पाण्याच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, जवळपास वर्गाच्या चालीने वाढतं. आणि पाईपचा व्यास कमी केला तर त्याहून भयानक, तेवढंच पाणी ५० ऐवजी ४० मिमीतून न्यायचं तर घर्षण साधारण तिप्पट होतं.

वर जमिनीचा चढ. डोळ्याला प्लॉट सपाट दिसायचा. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना लेव्हल बघितली तर वरचं टोक १.४ मीटर उंच निघालं. १० मीटर उंची म्हणजे १ किलो प्रेशर, मग १.४ मीटरने ०.१४ किलो असंच गेलं, पाणी नुसतं वर चढण्यात. एकूण गेलेल्या ०.४५ पैकी बाकी ०.३१ हे घर्षण, म्हणजे माझी ती पाईपची बचत.

दुरुस्ती अशी केली की वाढवलेल्या १६ नळ्या जुन्या सबमेनपासून तोडल्या, मेन लाईनवरून वेगळा व्हॉल्व्ह काढून त्यांना वरच्या टोकाकडून पाणी दिलं. उंचावरून सुरुवात केली की पाणी पुढे उताराने जातं आणि घर्षणात जेवढं प्रेशर जातं त्यातलं थोडं उतार परत देतो. त्याच वेळी फिल्टर उघडला. त्याच्या आधीच्या गेजला १.९ आणि नंतरच्याला १.२, म्हणजे ०.७ किलो फिल्टरच खात होता. मी आठवड्याला एकदा धुवायचो आणि धुतला म्हणून समाधानी असायचो, दोन गेजमधला फरक कधी बघितलाच नव्हता. डिस्क सुट्या करून ब्रशने घासल्या तर फरक ०.२ वर आला. आता वार बघून धुत नाही, फरक ०.५ कडे सरकला की धुतो.

त्यानंतर फ्लशिंग, म्हणजे पाणी जोरात सोडून नळ्या धुणं. इथे अजून एक गाढवपणा. सगळ्या नळ्यांच्या एंड कॅप एकदम उघडल्या, म्हटलं एका झटक्यात काम. सगळीकडून पाणी निवांत गळायला लागलं, अगदी स्वच्छ, आणि मी खूश की नळ्या साफ आहेत. खरं तर वेगच नव्हता म्हणून गाळ जागचा हललाच नव्हता. गाळ उचलून बाहेर फेकायला नळीत सेकंदाला निदान ०.३ मीटर वेग लागतो, १६ मिमीच्या नळीत म्हणजे टोकातून मिनिटाला अडीच-तीन लिटर तरी पडायला पाहिजे. बादली लावून मोजलं तर एकावेळी पाचच नळ्या उघड्या ठेवल्यावर तेवढं पडत होतं. पाच-पाच करून उघडल्या तेव्हा पहिलं मिनिटभर जे काय बाहेर आलं, तपकिरी, गुळगुळीत, शेवाळाच्या चिंध्या, ते बघून मला माझीच लाज वाटली. गाळ नेहमी नळीच्या शेवटच्या भागात का बसतो हेही कळलं, प्रत्येक ड्रिपरगणिक नळीतलं पाणी कमी होत जातं, शेवटी वेग उरतच नाही, तिथे माती खाली बसते. माझे सगळ्यात कमी आठ आकडे होते त्यातले बहुतेक नळ्यांच्या शेपटीचेच होते.

एवढं करून दुसऱ्यांदा मोजलं. आता वाट्या कुठे ठेवायच्या ते पाठ होतं, सव्वा तासात झालं. सरासरी १८८, तळातल्या आठांची १३९, समानता ७४ टक्के. अ‍ॅसिडचा थेंब न वापरता ६२.५ वरून ७४.

राहिलेले हट्टी ड्रिपर काढून उघडले. काहींच्या आतल्या वळणावळणाच्या वाटेत पांढरा कडक थर. त्यावर अ‍ॅसिडचा एक थेंब टाकला तर फसफसला, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पाण्यातला क्षार. हे बघून मगच अ‍ॅसिड ट्रीटमेंट केली. शेवाळ किंवा चिकट घाण असती तर अ‍ॅसिडने फारसं काही झालं नसतं, त्याला क्लोरीन लागतं. आणि ही दोन्ही कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो, माणूस जाऊ शकतो. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये ओतायचं नाही, हातमोजे आणि चष्मा घालूनच.

किती अ‍ॅसिड लागेल ते दुसऱ्याला विचारून काही उपयोग नाही, प्रत्येकाचं पाणी वेगळं. मी १० लिटरच्या बादलीत आपलं पाणी घेतलं आणि सिरिंजने एकेक मिली अ‍ॅसिड टाकत पीएच पट्टी बुडवत गेलो, पीएच ४ ला यायला साधारण ७ मिली लागले. मग व्हेंचुरी (खत किंवा अ‍ॅसिड लाईनमध्ये ओढून घेणारं साधन) चालू असताना मिनिटाला किती पाणी जातं त्यावरून प्रमाण काढलं, शेवटच्या नळीच्या शेवटच्या ड्रिपरवर पट्टी धरून पीएच ४ दिसला की मोटार बंद. रात्रभर नळ्यांत तसंच राहू दिलं आणि सकाळी परत पाच-पाच नळ्या उघडून धुतलं. पांढरी भुकटी आणि पापुद्रे निघाले.

आता त्या ३०० मिलीवाल्याची गोष्ट. तो चोक नव्हताच, उलट त्याचं भोक मोठं झालेलं. कधीतरी कुणीतरी, बहुतेक मीच, तो बंद पडला म्हणून टाचणी घालून साफ केला असणार. ड्रिपरच्या वाटेची मापं इतकी बारीक असतात की टाचणी फिरवली की त्याचा नळ होतो. अशा टोचलेल्या ड्रिपरांची शोधमोहीम काढली तर प्लॉटभर एकोणीस सापडले, शिवाय तीन ठिकाणी ४ च्या जागी ८ एलपीएचचे, घाईत डब्यातून जो हाताला लागला तो बसवलेला. सगळे बदलले. नवे ड्रिपर लावतानाही सगळे अगदी सारखे नसतात हे लक्षात ठेवावं, साच्यातून निघतानाच थोडा फरक असतो, चांगल्या मालात तो ५ टक्क्यांच्या आत असतो, त्यामुळे १०० टक्के समानता ही फक्त कागदावर.

पुतण्याचं म्हणणं होतं की सरळ प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर लावा, त्यात रबरी पडदा असतो, प्रेशर कमीजास्त झालं तरी पाणी सारखं पडतं. बरोबर आहे त्याचं, जास्त चढउताराच्या जमिनीत मीही तेच लावले असते. पण त्यालाही कमीत कमी प्रेशर लागतंच, आणि गाळाने चोक व्हायचं ते तेही होतात. मी ते सरसकट बदलायच्या भानगडीत पडलो नाही.

तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा सरासरी १९६, तळातल्या आठांची १७१, समानता ८७ टक्के. मोटार परत २ तासांवर आणली. खालच्या झाडांचा पिवळेपणा हळूहळू गेला, वरची झाडं अजून थोडी मागे आहेत पण नवी पालवी सारखी दिसते.

एक कोपरा मात्र अजून छळतो. प्लॉटचा सगळ्यात खालचा कोपरा, तिथले ड्रिपर मोजले तर बरोबर १९५-२०० देतात आणि तरी तिथे कायम ओल. बरेच दिवस कळेना. मग एकदा मोटार बंद केल्यावर तिथेच उभा राहिलो, तर बाकी ड्रिपर थांबले तरी त्या कोपऱ्यातले पुढची वीस मिनिटं पडतच होते. नळ्यांत आणि सबमेनमध्ये उरलेलं सगळं पाणी उताराने तिथे येऊन गळत होतं. ३ मिनिटांच्या मोजणीत हे दिसणारच नाही, कारण तेव्हा मोटार चालू असते. मी रोज दोनदा एकेक तास द्यायचो, म्हणजे ही गळती रोज दोनदा व्हायची. आता सलग दोन तास एकदाच देतो, निम्मी कमी झाली, आणि उरलेल्यासाठी त्या कोपऱ्यातल्या नळ्यांच्या तोंडाशी छोटे व्हॉल्व्ह बसवून बघायचा विचार चाललाय. वाट्या घरात परत दिलेल्या नाहीत, शेडमध्येच ठेवल्यात, १, १४ आणि २७ नंबरच्या नळ्यांना लाल रंगाचा पट्टा मारलाय आणि ४० नंबरचा पट्टा रंग संपला म्हणून अर्धाच राहिलाय.